उजव्या खिशाची कड

फहाहीलमध्ये, बकाल्याच्या मागच्या गल्लीत
याकूब सोलकरचं इस्त्रीचं दुकान.
तिथे मी गोष्ट घेऊन गेलो. त्याच्यावरच लिहिलेली.
अकरा पानं, बॉलपेनने,
स्टोअरच्या रद्दी इश्यू-स्लिपांच्या पाठीवर.
बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री. आत मोजत नाहीत.

मी त्याला दाभोळची खाडी दिली होती,
खिडकीत उभं राहून समुद्र बघायची सवय
(दुकानाला खिडकी नाही),
शुक्रवारचा बायकोचा फोन,
आणि फोन ठेवल्यावर एक ओळ:
येथे त्याच्या डोळ्यांत पाणी आले.
चांगुलपणा तर एवढा भरला होता
की कॉलरला स्टार्च लागू नये.

त्याने चष्मा लावला. दोन पानं वाचली.
मग कुणाच्या तरी गुत्र्यावर पाणी शिंपडत म्हणाला,
"हा कोण?"

तू, म्हटलं.

"मी कंदी रडलो? घाम जातो डोळ्यात, चुरचुरतं.
आणि ह्यो तुझा माणूस
कुणाला पन्नास फिल्स जास्त लावत नाय?
मग दुकान कसा चालवतो?"

मी गप्प. तो रॅककडे वळला,
एक निळा शर्ट काढून माझ्यापुढे पसरला.
"कापडावरून माणूस कळत नाय. झिजलाय कुठं ते बघ.
ही उजव्या खिशाची कड. दिवसाला पन्नासदा हात घालतो.
खिशात काय? काय नाय. मी बघितलंय.
तरी घालतो."

दुसरा शर्ट पांढरा, महागडा.
बाह्या मळलेल्या, पण आतून.
"मोठा म्यानेजर हाय. पण कुठंतरी बाह्या दुमडून
भांडी घासतो. कुणाची, म्हाईत नाय.
नाय म्हाईत, म्हणून तर हा शर्ट
आठवडाभर डोक्यातून जात नाय."

मी विचारलं, आणि तू कुठे झिजलायस?

इस्त्री उभी करून ठेवली त्याने.
गल्ल्याखालचा खण ओढला:
बसची तिकिटं, गोळ्यांची अर्धी पट्टी, एक किल्ली,
आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेला
लहान मुलाचा दुधाचा दात.

"एका मिस्री ड्रायव्हरच्या खिशात गावला.
तो तीनदा विचारायला आला.
तीनदा नाय म्हटलं."

का?

त्याने वाफ सोडली. पांढऱ्या ढगामागून
आवाज तेवढा आला:
"ते मला कळलं असतं
तर दिला नसता परत?"

रात्री खोलीवर मी खाडी खोडली.
समुद्र खोडला, फोन खोडला, खिडकी विटांनी बुजवली.
उरला एक खण, आणि एक माणूस
जो 'नाही' म्हणतो.
पहिलं 'नाही' सहज लिहून झालं.
दुसरं लिहिताना त्याच्या हातातली इस्त्री जरा थांबली.
तिसऱ्याला मी पहाटे तीनपर्यंत बसलो;
तो ड्रायव्हर दारात उभा,
टोपी हातात, घामाने भिजलेला,
आणि याकूब तोंड उघडेना.
चार कारणं सुचवली मी त्याला.
चारही त्याने न बघता परत केली,
दुसऱ्याच्या मापाचे कपडे करावेत तशी.

ती जुनी अकरा पानं मात्र दुकानातच राहिली होती.

गुरुवारी कपडे आणायला गेलो.
गठ्ठ्यात, दोन कव्हरऑलच्या मध्ये,
प्लास्टिकमध्ये घालून दिली होती त्याने पानं:
एकेक सुरकुती काढलेली, कडक, अजून कोमट.
आठव्या पानावर मात्र एक तपकिरी डाग,
इस्त्रीच्या टोकाचा, नेमका
त्या पाण्याच्या ओळीवर.

चुकून लागला की मुद्दाम, विचारलं.

याकूबने माझं टोकन पालथं करून पाहिलं,
बोटांवर काहीतरी मोजलं,
आणि म्हणाला,
"पानांचे दीडशे फिल्स.
कपड्यांचे वेगळे."